कुलदैवत@१२३ पुरे झालं: पासवर्ड बनवायची सोपी रीत

आम्हा गोव्यातल्या मराठी माणसांचा पासवर्ड ओळखायला हॅकर कशाला हवा? कुलदैवताचं नाव, मग @, मग १२३. मंगेश@१२३, शांतादुर्गा@१२३, फार तर म्हाळसा@२०२४. देवाधर्माचं वेड नसेल तर मुलाचं नाव आणि त्याचं जन्मसाल. थोडा हौशी माणूस असेल तर शेवटी १९६१ नाहीतर गाडीचा नंबर. आणि यूपीआयनं सहा आकडी पिन मागितला की फोंडेकर आपला पिनकोड ४०३४०१ टाकून मोकळा, म्हापसेकर ४०३५०७.

मंगेश@१२३ हा पासवर्ड रोमन अक्षरांत टाइप करून बघा. कित्येक वेबसाइटींवर हिरवी पट्टी येते, ‘स्ट्राँग’ म्हणून शाबासकी मिळते. का नाही मिळणार? पहिलं अक्षर कॅपिटल, बाकीची स्मॉल, आकडे आहेत, चिन्ह आहे, एकूण अकरा अक्षरं. नियम सगळे पाळलेत. पण पासवर्ड फोडणारे प्रोग्राम पट्टीचा रंग बघत नाहीत. ‘नाव, मग @, मग १२३’ हा साचा त्यांच्या यादीत अगदी वरती असतो. शिवाय तुमचं कुलदैवत कुठलं हे आडनाव आणि गाव ऐकून अख्ख्या तालुक्याला कळतं, आणि जत्रेचे फोटो तर फेसबुकवर तुम्हीच टाकलेले असतात.

जाता जाता: संगणकाला पासवर्ड लावायची पद्धत अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या यंत्रणेवर सुरू झाली, तीही १९६१ च्या सुमारास, म्हणजे गोवा मुक्त होत होता तेव्हा. पुढच्याच वर्षी तिथल्या ॲलन शेर नावाच्या संशोधकानं आपल्याला संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून घेतली. म्हणजे पासवर्ड आणि पासवर्डची चोरी या जवळजवळ जुळ्या बहिणी.

हा लेख नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. नुकतेच निवृत्त झालेले, मुलानं जुना स्मार्टफोन दिलेले, गृह आधार या सरकारी योजनेचा अर्ज भरायला पहिल्यांदाच ईमेल काढलेले, नाहीतर घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागलेले. सगळं एका बैठकीत उरकायला जाऊ नका, डोकं उठेल. आज फक्त ईमेलचं बघा, बाकीचं रविवारी. आणि एक सूचना: उदाहरणातले पासवर्ड मी देवनागरीत लिहिते आहे, तुम्ही ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. त्याचं कारण पुढे येईल.

चोरी होते कशी

बहुतेकांना वाटतं, कोणीतरी काळा टीशर्टवाला आपल्यालाच हेरून आपला पासवर्ड ओळखत बसलाय. तसं क्वचित होतं. खरे रस्ते तीन.

पहिला: तुम्ही कधीतरी एखाद्या फालतू साइटवर खातं उघडलंत, ती साइट फुटली, यादी बाहेर आली. मग त्याच ईमेल-पासवर्डची जोडी जीमेलवर, फेसबुकवर, खरेदीच्या साइटींवर यंत्रानं लावून बघितली जाते. लिंक्डइनची चोरी २०१२ सालची. पण सुमारे ११.७ कोटी खात्यांचा माल २०१६ मध्ये विक्रीला आला. चार वर्षं लोक तोच पासवर्ड इतर ठिकाणी वापरत राहिले होते.

दुसरा: यंत्रानं अंदाज. चांगल्या साइटी तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्याचा गणिती चुरा करून ठेवतात. खवलेल्या खोबऱ्याचा परत नारळ होत नाही, तसा त्या चुऱ्यावरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. पण चोर दुसऱ्या बाजूनं येतो. तो आपल्याकडचे लाखो अंदाज तशाच रीतीनं दळतो आणि कुठला चुरा जुळतो ते बघतो. अंदाज आणायचे कुठून, याची त्याला चिंता नाही. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३.२ कोटी पासवर्ड, तेही चुरा न करता ठेवलेले, चोरीला गेले. माणसं काय काय पासवर्ड ठेवतात याचा तो आयता नमुनाच झाला. त्यात सगळ्यात लाडका पासवर्ड होता १२३४५६.

तिसरा रस्ता म्हणजे आपण स्वतःच सांगणं. ‘वीज बिल थकलंय, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडणार’ असा मेसेज येतो, खाली लिंक असते, आणि घाबरून आपण सगळं भरून देतो. इथे पासवर्ड कितीही भक्कम असला तरी उपयोग शून्य. याला उपाय वेगळा, तोही सांगते.

आज फक्त ईमेल

बँकेपेक्षा आधी ईमेल का? कारण ‘पासवर्ड विसरलात?’ म्हटलं की फेसबुक, इन्स्टाग्राम, खरेदीच्या साइटी, प्रवासाची तिकिटं काढायच्या साइटी, सगळ्यांची नवीन पासवर्डची लिंक ईमेलवरच येते. ईमेल ज्याच्या हातात, बाकीचं सगळं त्याच्या हातात.

आता पासवर्ड बदलायच्या आधी एक गोष्ट तपासा. ती कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शकात सापडणार नाही, कारण ती आपल्याकडची आहे. पुष्कळांचं ईमेल खातं त्यांनी स्वतः उघडलेलंच नसतं. पंचायतीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरायला गेले, ‘ईमेल हवा’ म्हटल्यावर दुकानातल्या मुलानं दोन मिनिटांत काढून दिला. पासवर्ड त्यानंच ठरवला, चिठ्ठीवर लिहून दिला, आणि रिकव्हरीसाठी, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवण्यासाठी, मोबाइल नंबर विचारल्यावर घाईत स्वतःचा टाकला. मुलगा भला असेल, शंभर टक्के असेल. पण उद्या तो दुकान सोडून गेला, त्याचा नंबर बंद होऊन दुसऱ्याला मिळाला, तर तुमच्या खात्याची चावी कुणा अनोळखी माणसाच्या खिशात.

आमच्या वाड्यावरच्या एका मामींच्या फोनवर हे उघडून बघितलं, तर रिकव्हरीच्या जागी नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसत होते, ३७. मामींच्या घरात एकाही नंबराच्या शेवटी ३७ नव्हते. त्या फोनकडे बघत म्हणाल्या, “अगं, म्हणूनच मला कधी कोड येत नव्हता!”

तर हे करा. फोनच्या सेटिंगमध्ये गूगल उघडा, तिथून आपलं अकाउंट, मग सुरक्षेचा भाग. तिथे रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल दिसतो. दोन्ही तुमचे किंवा घरच्या विश्वासातल्या माणसाचे आहेत ना? नसतील तर बदला. त्याच पानावर तुमचं खातं कुठल्या कुठल्या डिव्हाइसवर उघडं आहे त्याची यादी आहे. दुकानातला संगणक, भाच्याला दिलेला जुना फोन, जे ओळखीचं नाही ते साइन आउट करा. त्यानंतर पासवर्ड बदला. आधी बदललात आणि रिकव्हरीचा नंबर जुनाच राहिला, तर मेहनत पाण्यात.

पाच शब्दांचा पासवर्ड

आता मुख्य काम. पासवर्ड अवघड नको, लांब हवा. आणि तो तुम्ही मनानं रचलेला नको, हेच लोकांना पटत नाही.

हिशेब बघा. फक्त स्मॉल अक्षरांचा आठ अक्षरी पासवर्ड घेतला तर एकूण शक्यता होतात सुमारे २०,८८२ कोटी. ऐकायला पुष्कळ, पण चोरीला गेलेल्या यादीवर एका तगड्या संगणकाला हे विशेष काम नाही. तेच दहा हजार शब्दांच्या कोशातून कसलाही विचार न करता पाच शब्द उचलले, तर शक्यता त्याच्या सुमारे ४८ कोटी पट होतात. कॅपिटल, आकडे आणि सगळी चिन्हं घालून केलेल्या, अजिबात लक्षात न राहणाऱ्या आठ अक्षरी पासवर्डपेक्षाही हे पाच शब्द सुमारे पंधरा हजार पट भारी पडतात.

ही युक्ती जुनीच. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये फासे टाकून शब्द निवडायची रीत मांडली. पाच वेळा फासा टाकायचा, आलेल्या आकड्यासमोरचा शब्द यादीतून घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द, कारण सहाचा आकडा पाच वेळा मांडून गुणाकार केला की तेवढेच होतात. ती यादी इंग्रजी. आपल्याला घरातला मराठी शब्दकोश चालतो, आणि तो मोठा असला तर जास्तच चांगला. शब्दकोश नसेल तर गावच्या वाचनालयात असतो, संध्याकाळी जाऊन बसा.

कोश न बघता उघडा, डोळे मिटून बोट ठेवा, बोटाखालचा शब्द लिहून घ्या. हाताला सवयीनं मधलीच पानं लागतात, म्हणून एकदा मुद्दाम सुरुवातीकडचं, एकदा शेवटाकडचं पान काढा. असे पाच शब्द. आवडला नाही म्हणून शब्द बदलायचा नाही. तिथेच माणूस घसरतो: ‘हा नको, त्यापेक्षा मोगरा घेते’ असं म्हटलं की संपलं. मनानं निवडायला सांगितलं तर आपण सगळे मोगरा, समुद्र, आई, गणपती, सोलकढी हेच निवडतो, आणि यंत्रालाही ते ठाऊक असतं. ओळखीच्या आरतीची ओळ, म्हण, गाण्याचं धृपद यांचीही तीच गत. लांबी आहे, पण जगाला पाठ आहे.

समजा शब्द आले: गिलावा, तरस, हुंडी, ओसरी, पडवळ. रोमन अक्षरांत लिहिले तर अठ्ठावीस अक्षरं होतात. मध्ये मध्ये आडवी रेघ टाकली की बत्तीस. आता हे लक्षात कसं ठेवायचं? चित्र करा. गिलावा केलेल्या भिंतीआडून तरस आलं, तोंडात हुंडी, ओसरीवर बसून ते निवांत पडवळ खातंय. चित्र जितकं खुळचट, तितकं ते डोक्यात चिकटतं. आठवडाभर दिवसातून एकदा टाइप केलंत की बोटांना सवय होते. (हे पाच शब्द मात्र आता छापून झाले, ते घेऊ नका.)

एखादी साइट हट्ट करते, कॅपिटल हवंच, आकडा हवाच. घाला. पहिलं अक्षर कॅपिटल करा, शेवटी एखादा आकडा लावा, तिचं समाधान होऊ दे. आडवी रेघ बऱ्याच ठिकाणी चिन्ह म्हणून धरली जाते. ताकद पाच शब्दांत आहे, या कलाकुसरीत नाही. ‘ए’च्या जागी @ आणि ‘ओ’च्या जागी शून्य लिहिणं तर निव्वळ करमणूक आहे, ही अदलाबदल प्रत्येक प्रोग्रामला शिकवलेली असते.

आपल्या मराठी शब्दांचा एक फायदा असा, की त्यांचं रोमन स्पेलिंग जो तो आपापल्या मनानं करतो. पण तोच धोकाही आहे. पडवळ लिहिताना आज एक ‘ए’ टाकलात आणि उद्या दोन, की दार बंद. म्हणून पहिल्या दिवशी स्पेलिंग कागदावर लिहा आणि तेच पक्कं करा.

मग सरळ देवनागरीतच पासवर्ड का नाही? कल्पना छान आहे, मोह मलाही होतो. पण कित्येक साइटी देवनागरी घेतच नाहीत. घेतला तरी दुसऱ्याच्या संगणकावर मराठी कीबोर्ड नसला की अडलात. आणि एक किचकट गोष्ट: ‘ॲ’सारखं अक्षर डोळ्यांना एकच दिसलं तरी एक कीबोर्ड ते एक सबंध अक्षर म्हणून पाठवतो, तर दुसरा ‘अ’ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे पाठवतो. पासवर्ड बरोबर असूनही साइट म्हणेल चूक.

दर तीन महिन्यांनी बदलायचा?

नाही. हा सल्ला अजून कार्यालयांतून फिरतो, पण त्याचं मूळच उखडलं गेलंय. २००३ मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या प्रमाणसंस्थेतल्या बिल बर यांनी एक मार्गदर्शिका लिहिली. कॅपिटल, आकडे, चिन्हं घाला आणि पासवर्ड नियमित बदला, हा जगभर पसरलेला सल्ला तिथून आला. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, बर यांनीच सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टनं सक्तीनं बदलायला लावू नका असं सांगितलं. २०२५ च्या सुधारित नियमांत तर नुसत्या पासवर्डवर खातं उघडत असेल तर तो किमान १५ अक्षरांचा हवा असं म्हटलंय.

कारण साधं आहे. बदलायची सक्ती केली की माणूस काय करतो? मंगेश@१२३ चा मंगेश@१२४ करतो.

बदलायचा तो कारण असेल तेव्हाच: साइट फुटल्याची बातमी आली, पासवर्ड कुणाला सांगितला गेला, फोन हरवला, किंवा परक्या संगणकावर लॉगिन केलं होतं. तुमचा ईमेल कुठल्या फुटलेल्या यादीत आहे का हे बघायला ‘हॅव्ह आय बीन पोन्ड’ ही साइट आहे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञानं ती २०१३ मध्ये सुरू केली. तिथे फक्त ईमेल पत्ता टाकायचा. नाव लाल यादीत आलं तर घाबरू नका, जुन्या खात्यांपैकी एखादं बहुतेकांचं येतंच. त्या साइटचा पासवर्ड आणि तोच आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही, बदलून टाका.

प्रत्येक खात्याला वेगळा, पण डोक्यात दोन-तीनच

इथे लोक हात टेकतात. चाळीस खाती, चाळीस पासवर्ड, कुणाच्या बापाला लक्षात राहणार? राहू नयेतच. पाठ करायचे फक्त दोन-तीन: ईमेलचा, फोन उघडायचा पिन, आणि पासवर्ड मॅनेजर वापरणार असाल तर त्याचा.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे कुलूपबंद वही. अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचा आयता असतो, आयफोनमध्ये ‘पासवर्ड्स’ नावाचं ॲप आहे, वेगळं हवं तर बिटवॉर्डनसारखं ॲप फुकटही मिळतं. नवीन खातं उघडताना तो स्वतःच लांबलचक अगम्य पासवर्ड सुचवतो, जपून ठेवतो, पुढच्या वेळी आपणहून भरतो. बिटवॉर्डनसारख्या ॲपचा मुख्य पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही. म्हणून त्यासाठी शब्दकोशातले पाच शब्द घ्या आणि ते कागदावर लिहून कपाटात ठेवा.

मॅनेजरचा खरा फायदा वेगळाच आहे, आणि मघाच्या तिसऱ्या रस्त्यावरचा उपाय तोच. तो साइटचं रूप बघत नाही, पत्ता बघतो. वीज खात्याची हुबेहूब नक्कल केलेली साइट तुम्हाला फसवेल, त्याला नाही. पत्ता वेगळा दिसला की तो पासवर्ड भरतच नाही. रोज आपणहून भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नाहीये? हात आखडता घ्या. स्वतः टाइप करून पुढे जायचं नाही.

आता वही. पासवर्ड वहीत लिहू नका असं सगळे सांगतात. मला हे पटत नाही. सत्तरीच्या माणसाला मॅनेजर जमत नसेल तर कपाटातली साधी वही, प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड लिहिलेली, ही सगळीकडे एकच मंगेश@१२३ ठेवण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. पलीकडच्या देशातला चोर तुमच्या साखळी गावच्या घरातलं कपाट उघडू शकत नाही. फक्त वहीवर ‘पासवर्ड’ असं लिहू नका, ती गणपतीच्या गर्दीत बाहेर राहू देऊ नका, आणि बँकेचा व यूपीआयचा पिन तीत नको. तिचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवणं तर अजिबात नको. घरात कामाला येणारी माणसं, भाडेकरू, भांडणारे भाऊबंद असतील तर मात्र वहीचा विचार सोडा. तुमचं घर तुम्हालाच माहीत.

दुसरं कुलूप

पासवर्ड फुटला तरी खातं वाचावं म्हणून दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. पासवर्डनंतर आणखी एक कोड मागितला जातो, तो तुमच्या फोनवरच मिळतो. सुरुवात ईमेलपासूनच.

कोड एसएमएसनं येतो तेव्हा आपल्याकडे दोन अडचणी. सत्तरी किंवा सांगे तालुक्यातल्या आतल्या गावांत पावसाळ्यात रेंजच नसते. कोड येईपर्यंत वेळ टळून जाते. आणि घरातलं कुणी जहाजावर असेल तर भर समुद्रात भारतीय सिमला एसएमएस कुठला यायला! अशांनी ऑथेंटिकेटर ॲप वापरावं. ते दर तीस सेकंदांनी नवा सहा आकडी कोड स्वतःच तयार करतं, रेंज लागत नाही, इंटरनेटही नाही, फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. जहाजावर चढण्यापूर्वी, घरी असतानाच ते लावून, चालवून बघा.

ही सोय चालू करताना बॅकअप कोडची यादी मिळते. लोक ती न बघता पुढे जातात. थांबा, ती छापून घ्या नाहीतर हातानं उतरवा आणि रेशनकार्ड-आधारच्या फाइलमध्ये ठेवा. फोन हरवला किंवा समुद्रात पडला की आत शिरायचा तोच सगळ्यात खात्रीचा रस्ता असतो.

हल्ली काही साइटी ‘पासकी’ही देतात: पासवर्डच नाही, फोन ज्या बोटाच्या ठशानं किंवा पिननं उघडता त्यानंच खातं उघडायचं. खोट्या साइटवर ती चालत नाही. विचारलं तर बिनधास्त ‘हो’ म्हणा.

व्हॉट्सॲपचं वेगळं सांगायला हवं. ‘चुकून माझा कोड तुझ्याकडे गेलाय, पाठव ना’ असा मेसेज ओळखीच्याच नंबरावरून येतो, कारण त्या ओळखीच्या माणसाचं खातं आधीच गेलेलं असतं. कोड पाठवला की पुढची पाळी तुमची. सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन, तिथे सहा आकडी पिन लावून ठेवा. मग नुसत्या एसएमएसच्या कोडवर खातं दुसऱ्या फोनवर उघडत नाही.

पिन: आकडे थोडे, म्हणून जास्त जपा

चार आकडी पिनच्या शक्यता दहा हजार, सहा आकडीच्या दहा लाख. पण जन्मतारीख आणि महिना घेतलात तर उरल्या ३६६. गोव्याचा पिनकोड घेतलात तर पहिले तीन आकडे ४०३ हे ठरलेलेच, उरल्या फार तर हजार. इथे शब्दकोश चालत नाही, लुडोचा फासाही नाही, कारण त्यावर शून्य, सात, आठ, नऊ नाहीत. ० ते ९ लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात टाका, एक काढा, परत टाका, पुन्हा काढा. फोनचा पिन आणि यूपीआयचा पिन वेगळे ठेवा. बाजारात फोन उघडताना मागच्या माणसाला पहिला दिसतोच.

आणि हे पाठच करून ठेवा: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे घेताना पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार.

सिमलाही पिन लावता येतो, म्हणजे चोरानं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर ओटीपी त्याला मिळणार नाहीत. पण आधी कंपनीला मूळ पिन विचारून घ्या. तीन वेळा चुकला की सिम अडकतं आणि मग ते उघडायच्या पीयूके कोडसाठी खेटे घालावे लागतात.

खोल्या भाड्यानं देत असाल तर

पाहुण्यांना दिलेला वाय-फाय आणि घरचा वाय-फाय एकच असू नये. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते, ती चालू करून पाहुण्यांना तेवढंच द्या. त्याचा पासवर्ड सोपा असला तरी चालेल, किमान आठ अक्षरं लागतात. हंगाम संपला की बदला. पण राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड वेगळा असतो, आणि तो सहसा राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. तो राउटर असतो पाहुण्यांच्या हॉलमध्ये. पहिल्याच दिवशी तो बदला.

परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म (लोकांच्या तोंडी ‘सी फॉर्म’) ऑनलाइन भरावा लागतो. त्या खात्यात लोकांच्या पासपोर्टची माहिती असते, म्हणून त्याला आणि बुकिंगच्या खात्याला स्वतंत्र लांब पासवर्ड लावा. हंगामापुरता ठेवलेला मुलगा ती खाती वापरत असेल तर तो गेल्या दिवशी ते बदला. ‘पाहुण्यानं तक्रार केलीय, इथे लॉगिन करून बघा’ असा ईमेल आला तर त्यातल्या लिंकवरून न जाता बुकिंगचं ॲप स्वतः उघडा. तक्रार खरी असेल तर तिथेही दिसेल.

गेलंच तर

पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० वर फोन करा आणि बँकेलाही लगेच कळवा. १९३० ही देशभराची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत ते गोठवता यावेत म्हणून इथे मिनिटं मोजली जातात. आधी भावाला विचारू, जावयाला विचारू असं करत संध्याकाळ करू नका. त्यानंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर लेखी तक्रार. गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे, तिथेही जाता येतं.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि व्यवहाराचा मेसेज बँकेकडून मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही बँकेला कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. पासवर्ड किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्हीकडे तुम्ही बँकेला कधी कळवलंत त्यावरच सगळं ठरतं.

ईमेल गेला असेल तर ज्या फोनवर तो नेहमी उघडता त्याच फोनवरून, घरच्याच वाय-फायवरून ‘अकाउंट रिकव्हरी’ करून बघा. ओळखीच्या जागेवरून केलेली मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त. परत मिळाला की पासवर्ड बदलून थांबू नका. संगणकावर जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ उघडा. चोर बऱ्याचदा तिथे स्वतःचा पत्ता घालून जातो, म्हणजे तुमची पत्रं त्याला गुपचूप मिळत राहतात. तो पत्ता काढा, पण काढण्यापूर्वी स्क्रीनशॉट घ्या. तो, मेसेजचे स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक आणि १९३० कडून मिळालेला तक्रार क्रमांक एकाच जागी जपून ठेवा. बँक आणि पोलीस दोघेही तेच पुन्हा पुन्हा विचारतात.